उन्हाळ्यात हळू पळा: शाळेच्या क्रॉस कंट्री टीमची तयारी, साध्या भाषेत

एप्रिलची परीक्षा संपली की दरवर्षी दोन प्रकारचे पालक मला भेटायला येतात. एक म्हणतात, "सर, उन्हाचा एवढा कहर अन् तुम्ही लेकरं पळवायलात?" आणि दुसरे म्हणतात, "सर, सुट्टी लागलीय, आता पार घाम काढा त्याचा, पुढं भरतीला कामाला येतंय." दोघांनाही लेकराची काळजीच असते, पण दोघांनाही एकच गोष्ट समजावून सांगावी लागते, आणि ती शाळेच्या गेटवर उभ्या उभ्या नीट पोचत नाही. मी धाराशिव जिल्ह्यात एका हायस्कूलवर खेळ शिकवतो, बरेच उन्हाळे आठवी ते दहावीची लेकरं पळवलीत, म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवावं.

आधी क्रॉस कंट्री म्हणजे काय ते. ग्राउंडवर चुन्याची आखणी करून गोल गोल पळतात ते नाही. माळ, पांदणरस्ता, ढेकळं, चढ, उतार, मधी एखादा ओढा, अशा रानातनं पळायची ही शर्यत, आणि लई जणांना माहीत नसतं की हा खरा तर टीमचा खेळ आहे. प्रत्येक पळणाऱ्याचा जो नंबर येतो त्या नंबरांची बेरीज करतात आणि ज्या टीमची बेरीज कमी ती जिंकली. जागतिक स्पर्धेत मोठ्यांच्या गटात एका देशाचे सहा जण पळतात आणि पहिल्या चौघांचे नंबर मोजतात, अमेरिकेतल्या हायस्कूलांत सात पळतात आणि पाच मोजतात. आता समजा एका टीमचे नंबर आले १, १२, २५ आणि ३०, बेरीज ६८. दुसऱ्या टीमचे आले ८, ११, १४, १६, बेरीज ४९. पहिला नंबर ज्यांच्याकडं आहे ती टीम हरली! म्हणजे तुमच्याकडं एक वाघ असून भागत नाही, चौथं लेकरू किती मागं राहिलं त्याच्यावर सगळं ठरतं. ही बेरीज डोक्यात ठेवा, पुढं परत लागणार आहे.

मग तयारी उन्हाळ्यातच का? कारण जूनच्या मध्यात शाळा उघडली की क्लास, होमवर्क, चिखल, आणि बघता बघता तालुक्याच्या स्पर्धा येतात. तेव्हा तयारीला वेळच नसतो, आहे त्या दमावर पळायचं. सलग सात-आठ आठवडे मिळतात ते फक्त उन्हाळ्यात. आपल्या भागात आणखी एक कारण आहे, जे कुठल्या कोचिंगच्या पुस्तकात सापडायचं नाही. ऊसतोडीला गेलेली घरं साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात गावी परततात. त्यांची लेकरं दिवाळीपासून कुठल्या फडावर असतात, कधी आजीपाशी असतात, शाळेत सलग अशी दिसतच नाहीत. ती गावात सापडायचा काळ म्हणजे हाच, आणि कष्टाची सवय म्हणाल तर त्यांच्याइतकी कुणालाच नाही.

आता मुख्य मुद्दा, शरीरात नेमकं काय होतं. तीन-पाच किलोमीटरच्या शर्यतीत लागणारी बहुतेक ताकद, ढोबळ मानाने पाच किलोमीटरला नव्वद टक्क्यांच्या आसपास, ऑक्सिजनच्या जोरावर तयार होते. म्हणजे हवा फुफ्फुसात, तिथनं रक्तात, हृदयाने ते रक्त पायाच्या स्नायूत ढकलायचं आणि स्नायूंनी तिथं ते वापरायचं. शेतकऱ्याच्या लेकराला मी हे ठिबकवर सांगतो. हृदय म्हणजे मोटार. रोज आरामात पळत गेलं की ती मोटार एका ठोक्याला जास्त रक्त फेकायला शिकते. स्नायूतल्या केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्या म्हणजे ठिबकच्या नळ्या, त्या नव्या फुटतात, म्हणजे प्रत्येक झाडाच्या बुडाला पाणी. आणि पेशींच्या आत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारक्या बारक्या चुली असतात, ऑक्सिजन वापरून ताकद तयार होते ती तिथं, त्या चुली संख्येनं वाढतात आणि मोठ्या होतात. मोटार, नळ्या आणि चुली, या तीन गोष्टी वाढवणं म्हणजेच दम वाढवणं. आणि ह्या तिन्ही हळू, लांब, रोजच्या पळण्यानं छान वाढतात, त्याला आठवडेच्या आठवडे लागतात, आणि त्यात धाप लागायची गरजच नसते. जोरात पळण्याचाही उपयोग आहे, नाही असं नाही, पण ते रोज करता येत नाही, अंग भरून येतं, नडग्या दुखतात, आणि दोन आठवड्यात लेकरू म्हणतं सर मला नाही जमत.

आपल्याकडं मोठी अडचण हीच आहे. गावागावात पोरं पहाटे उठून पळतात पण भरतीसाठी पळतात, आणि पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर असल्यामुळं रोज उठायचं आणि घड्याळ लावून जीव खाऊन तेवढंच अंतर मारायचं, असा प्रकार चालतो. लहान लेकरं तेच बघतात आणि तेच करतात. रोज परीक्षा, अभ्यास एकही दिवस नाही. मीसुद्धा सुरुवातीची दोन वर्षं हेच करून घेतलं, एप्रिलमध्येच घड्याळ हातात घेऊन ओरडायचो, आणि मे संपेपर्यंत दोन लेकरांच्या नडग्या गेल्या आणि एक पोरगी पळायलाच यायची बंद झाली. ती परत आली नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

हळू म्हणजे किती हळू? साधी खूण आहे, पळता पळता अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. मी लेकरांना पळताना रात्रीच्या आयपीएल मॅचची गोष्ट सांगायला लावतो, कोण कसा आऊट झाला ते पूर्ण वाक्यात. सांगणाऱ्याचे शब्द तुटायला लागले की सगळ्यांनी वेग कमी करायचा. आधी लेकरांना लाज वाटते, रस्त्यानं जाणारे म्हणतात हे काय पळणं आहे का, चालल्यासारखं पळायलेत. म्हणून मी त्यांना न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डची गोष्ट सांगतो. हा माणूस चपला-बुटाच्या कारखान्यात काम करायचा, आणि ऑकलंडमध्ये आपल्या आसपासच्या पोरांना शिकवायचा. त्याचं म्हणणं एकच, आधी कित्येक आठवडे लांब आणि दमाच्या आत पळा, वेग नंतर. त्याचा पीटर स्नेल हा ८०० मीटरवाला, म्हणजे दोन मिनिटांच्या आत संपणारी शर्यत, पण त्यालाही तो दर आठवड्याला डोंगरातनं ३५ किलोमीटरच्या आसपास पळवायचा. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये स्नेलनं ८०० मीटरचं सोनं घेतलं आणि त्याच दिवशी लिडियार्डच्याच मरे हालबर्गनं ५००० मीटरचं. आपल्या लेकरांनी ३५ किलोमीटर पळायचं नाही बरं का, मुळीच नाही, गोष्ट फक्त एवढ्यासाठी की दम आधी आणि वेग नंतर हा क्रम फार जुना आणि तपासलेला आहे.

आणि आपल्याच घरचं उदाहरण म्हणजे अविनाश साबळे, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव. लहानपणी शाळा सहा किलोमीटर लांब, गाडी नाही, तर चालत पळत जाणं-येणं. बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंट, सियाचीन बघितलं, राजस्थान बघितलं, आणि क्रॉस कंट्री पळायला लागला ते २०१५ मध्ये, सैन्यातच. तिथनं ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे लाकडी अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत. २०१८ ला भुवनेश्वरमध्ये त्यानं ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला, २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंद पळून रौप्य घेतलं, सोनं फक्त ०.०५ सेकंदानं हुकलं, पुढं हांगझोच्या एशियन गेम्समध्ये सोनं, आणि २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकची फायनल. माझं मत असं की त्याच्या मोटार-नळ्या-चुलींचं काम त्या शाळेच्या वाटेवरच सुरू झालं होतं, कुणी घड्याळ लावलेलं नसताना.

प्रत्यक्षात करायचं काय ते सांगतो. नवीन लेकरू असेल तर आठवड्याचे चार दिवस, वीस मिनिटं, त्यात चालणं आलं तरी चालेल. किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा, कारण किलोमीटर मोजले की लगेच शर्यत सुरू होते. दर आठवड्याला थोडंथोडं वाढवायचं, आणि तीन आठवडे वाढवलं की चौथा आठवडा हलका. जून लागेपर्यंत पाच दिवस अर्धा-पाऊण तास आणि रविवारी एकदा तासभर, शाळेच्या वयाला एवढं पुष्कळ झालं. आठवड्यातनं दोनदा पळणं संपल्यावर ८०-१०० मीटरचे चार-पाच सुटे झपाटे, अंग मोकळं सोडून, मधी पूर्ण आराम. पाय झपकन उचलायची सवय राहावी म्हणून तेवढं बास. मेच्या शेवटी एखादा दिवस चढ. आपल्याला बालाघाटचे डोंगर दिलेत देवानं, घाटाच्या पायथ्याची गावं तर नशीबवानच, चढावर वेग कमी असूनही काम भरपूर होतं आणि पायाला आदळआपट कमी. उतार मात्र सावकाश उतरायचा. दम आठवड्यांत वाढतो, पण हाडं आणि स्नायूंना जोडणारे दोर पक्के व्हायला महिने लागतात, म्हणून लेकराला वाटतं मी अजून पळू शकतो आणि नेमकं तेव्हाच दुखणं येतं. नडगीच्या कडेनं लांबपर्यंत ठणकत असेल तर काही दिवस कमी करा, मऊ मातीवर पळा. बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी हाड दुखत असेल तर पळणं बंद आणि डॉक्टर, तिथं हाडाला बारीक तडा असू शकतो.

आता ऊन. पारा बेचाळीसला टेकतो आपल्याकडं, याच्याशी खेळ नाही. दिवसातली सगळ्यात गार वेळ सूर्य उगवायच्या जरा आधी असते, मेमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, तर आम्ही सव्वापाचला सुरू करतो आणि साडेसहाच्या आत लेकरू घरी. संध्याकाळी पळवत नाही, कारण डांबर आणि काळी जमीन दिवसभराची तापलेली असते, खालून झळ येतच राहते. उन्हात पळताना रक्त दोन ठिकाणी लागतं, पायाला आणि अंग गार ठेवायला कातडीला, म्हणून त्याच वेगाला हृदय जास्त धडधडतं. तेव्हा गरमीच्या दिवशी वेग आपोआप कमी झाला तर तो होऊ द्यायचा. अंगाला गरमीची सवय लागायला दहा ते चौदा दिवस जातात, त्यात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं. म्हणजे पहिले दोन आठवडे अजिबात घाई नको, आणि पुण्याला मामाकडं जाऊन आलेल्या लेकराला परत थोडं मागनं सुरू करू द्या.

घाम म्हणजे माठ आहे बघा. माठाचं पाणी बाहेर पाझरतं आणि हवेत उडून जातं म्हणून आतलं गार राहतं, नुसतं पाझरून गार होत नाही. पहिला पाऊस पडून गेला आणि हवा दमट झाली की माठ गार होत नाही, तसंच अंगही गार होत नाही, घाम नुसता ओघळतो. म्हणून जूनमधली ढगाळ दमट सकाळ मेच्या कोरड्या पहाटेपेक्षा जास्त त्रास देते, आणि लोकांना उलटं वाटतं. लेकरू अडखळायला लागलं, चक्कर, मळमळ, विचारलेलं सोडून भलतंच बोलायला लागलं, तर तो उष्माघात समजायचा, घाम येतोय म्हणून निर्धास्त राहायचं नाही. सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, ओतत राहा, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आधी गार करायचं, गाडी येईपर्यंत हात थांबवायचा नाही.

प्यायच्या पाण्याचं काय सांगू, मेमध्ये आपल्या कितीतरी गावांना टँकर असतो, चार दिवसाआड नळ. म्हणून प्रत्येकाची बाटली आदल्या रात्रीच भरून ठेवायची, आणि शाळेच्या ओट्यावर एक माठ फक्त पळणाऱ्यांसाठी. फार घाम गेला असेल तर घरचं ओआरएस, एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, अंदाजपंचे नको, मीठ जास्त झालं तर उलटा त्रास. रोजच्याला ताक, पन्हं, लिंबूपाणी चांगलंच. खाण्यात ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठलं, मटकी, शेंगदाण्याचा लाडू, जमलं तर अंडं, यापलीकडं डब्यातली महाग पावडर वगैरे काही लागत नाही. मुलींचं मात्र वेगळं बघावं लागतं. रक्तात लोह कमी असेल तर ऑक्सिजन वाहून न्यायला गाड्याच कमी पडतात, मग मोटार-नळ्या कितीही वाढवा. पोरगी चार आठवडे नियमित पळूनही थकलेलीच दिसत असेल तर तिला आळशी म्हणायच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा. शाळेत आठवड्याला मिळणारी ती निळी गोळी खरंच घ्यायची, फेकायची नाही, जेवणाबरोबर लिंबू पिळायचं आणि चहा जेवणाला लागून घ्यायचा नाही, चहानं लोह अंगी लागत नाही. आणि झोप! लग्नसराई, वरात, रात्री उशिरापर्यंत मॅच, आणि सकाळी साडेचारला उठायचं, हे दोन्ही जमत नाही. वरातीला गेलेल्या लेकराला दुसऱ्या दिवशी सुट्टी, मी स्वतः सांगतो येऊ नकोस म्हणून.

आता राहिली इच्छा. शरीराचं गणित त्या मानानं सोपं आहे, सुट्टीत पहाटे साडेचारला अंथरूण सोडायचं हे अवघड. एका वर्षी मी जाहीर केलं, सुट्टीत जो सगळ्यात फास्ट होईल त्याला नवे शूज. पहिल्या आठवड्यात चौदा लेकरं होती, मेच्या शेवटी तीन. ज्यांना कळलं की शूज आपल्याला मिळणार नाहीत ती घरी राहिली, त्यांच्या बाजूनं बघितलं तर बरोबरच होतं. नंतर मी वाचलं की १९७३ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत असाच प्रयोग झाला होता. ज्या लेकरांना मुळातच चित्रं काढायला आवडायची त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की काढलंत तर छान सर्टिफिकेट मिळेल. पुढं मोकळ्या वेळात तीच लेकरं बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढायला लागली. बक्षीस नव्हतं तोवर आवड होती, बक्षीस आलं आणि तीच आवड नुसतं काम होऊन बसली.

मग मला आठवली ज्योत. घटस्थापनेला आपल्या गावोगावची पोरं तुळजापूरला जातात आणि भवानीची ज्योत पेटवून रात्रभर पळत गावी आणतात, अनवाणी, आळीपाळीनं. त्यात पोलिसात जायची तयारी करणारा असतो तसा पानटपरीवर दिवसभर बसणारा पण असतो, आणि तोही त्याच्या वाट्याचं अंतर पळतो, कारण त्याचे पाय थांबले तर ज्योत थांबणार. त्याला कुणी मोटिवेशनचं भाषण दिलेलं नसतं. तेव्हापासून मी आमचा उन्हाळा तसा बांधायचा प्रयत्न करतो. वर्गात एक वही ठेवली, त्यात प्रत्येकानं आपली मिनिटं लिहायची, वेग लिहायचा नाही, आणि आठवड्याला सगळ्यांची मिळून बेरीज. भिंतीवर भारताचा नकाशा, त्या बेरजेचे अंदाजे किलोमीटर करून टीम कुठवर पोचली ते खडूनं पुढं न्यायचं. कुठं जायचं ते लेकरंच ठरवतात, गेल्या वेळी त्यांनी काशी ठरवलं होतं. यात सगळ्यात मागं पळणाऱ्याची वीस मिनिटं आणि पुढच्याची वीस मिनिटं सारखीच धरतात, आणि वर सांगितलेल्या त्या बेरजेचा अर्थ लेकरांना इथंच कळतो, की मागच्याला सोबत घेतलं तरच टीमची बेरीज कमी होते. आठवड्यातला एक दिवस रस्ता कुठला घ्यायचा ते त्यांनी निवडायचं, मी फक्त मागं राहतो. ते मला न माहीत असलेल्या विहिरी दाखवतात, आमराया दाखवतात, एकदा तर सगळे कैऱ्या खात बसले आणि पळणं तेवढ्यावरच संपलं, मी काही बोललो नाही. शेतात नांगरटीच्या मागं दिवसभर ढेकळं फोडणाऱ्या लेकराला त्या दिवशी पळायची सक्ती नाही, वहीत त्याच्या नावापुढं अर्धा तास लिहितो.

दुसरी गोष्ट हाक मारायची जोडी. शेजारशेजारच्या घरातल्या दोघादोघांच्या जोड्या लावल्या, आधी उठेल त्यानं दुसऱ्याच्या दारात जाऊन हाक मारायची, फोन करायचा नाही. मुलींच्या घरचे अंधारात पाठवायला तयार नव्हते, ते साहजिक आहे, तर तीन मुलींच्या जोडीला एकीची आई रोज येते, पदर खोचून, स्लीपर घालून, त्या आमच्या मागं मागं भरभर चालतात. आता त्यांचीही मिनिटं वहीत आहेत.

१५ जूनच्या आसपास, शाळा उघडताना, एकदाच घड्याळ काढतो, त्याच माळावरच्या रस्त्यावर. पहिल्याचा टाइम सांगतो, पण फळ्यावर लिहितो ते पहिल्या आणि चौथ्यामधलं अंतर. गेल्या वर्षी मुलींमध्ये चौथी आली ती ऊसतोडीवरनं मार्चला परतलेली नववीतली पोरगी, एप्रिलमध्ये तिला दहा मिनिटं सलग पळता येत नव्हतं. मी विचारलं, "काय गं, कसं काय जमलं?" तर म्हणाली, "सर, ती रोज दारात येऊन हाक मारायली, मग मी कशी झोपू?"